चिखलाचा सातबारा

१८७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत प्रिन्सेस डॉकचं खोदकाम चाललं होतं. किनाऱ्याचं पाणी अडवून मजूर खाली खाली खणत होते. वरचा मऊ चिखल निघाला, त्याखालची निळसर घट्ट चिकणमाती निघाली, आणि तिच्या तळाशी झाडं लागली. एखाददुसरा ओंडका नव्हे, साडेतीनशेहून जास्त झाडं. त्यातली बरीचशी अजून उभी होती, मुळं खालच्या जमिनीत रुतलेली. लाकूड ओळखू येण्याइतकं शाबूत होतं. ते खैराचं निघालं.

खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही. त्याला कोरडी, निचऱ्याची जमीन लागते. कोकणातल्या टेकड्यांवर तो दिसतो तसा. म्हणजे आज जिथे बंदर आहे तिथे कधीतरी रान होतं. पाणी चढलं म्हणा किंवा जमीन खचली म्हणा, समुद्र त्या रानात शिरला, झाडं उभ्या उभ्या मेली, आणि मग चिखलानं त्यांना इतकं सावकाश, इतकं हळुवार पुरलं की ती आडवीसुद्धा झाली नाहीत.

मला या गोष्टीत झाडांपेक्षा चिखलाचं जास्त कौतुक वाटतं. मुंबईचा इतिहास आपण भराव, किल्ले, गिरण्या आणि रेल्वेपासून सुरू करतो. त्या सगळ्याच्या आधीपासून इथे एक बांधकाम अखंड चालू आहे. कंत्राटदार नाही, नकाशा नाही. दिवसातून दोनदा पाणी येतं, थोडी माती ठेवतं आणि जातं.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन थंडीत, जगातल्या समुद्रांची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. तेव्हाचा कोकण किनारा आजच्यापेक्षा खूप पश्चिमेला होता. मग बर्फ वितळलं आणि समुद्र हजारो वर्षं चढत राहिला. सहा-सात हजार वर्षांपूर्वी त्याचा वेग मंदावला. तोवर नद्यांच्या खालच्या खोऱ्यांत पाणी भरलं होतं. कोकणातल्या खाड्या म्हणजे बहुतेक अशी बुडालेली खोरीच. समुद्र वेगानं चढत असताना चिखलाला त्याची बरोबरी करता येत नव्हती. वेग कमी झाल्यावर चिखल वर येऊ लागला. आजच्या दलदली आणि चिखलपट्टे त्यानंतरचे आहेत. सह्याद्रीच्या मानानं बघितलं तर कालची पोरं.

माती येते कुठून? सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून. पावसाळ्यात उल्हास, अंबा, पाताळगंगा, कुंडलिका गढूळ होऊन वाहतात, तो रंग म्हणजे झिजलेला डोंगर. उघड्या किनाऱ्यावर लाटा ही बारीक माती टिकू देत नाहीत, फक्त रेती उरते आणि पुळण तयार होते. खाडीत लाटांचा जोर पोचत नाही. तिथे चिखल बसतो.

पण तो बसतो कसा, हा साधा वाटणारा प्रश्न साधा नाही. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनहूनही बारीक असतो. अगदी स्थिर, गोड्या पाण्यात असा एकटा कण एक मीटर खाली जायला तीनेक दिवस घेतो. खाडीतलं पाणी तर दर सव्वासहा तासांनी दिशा बदलतं. भरती पूर्ण झाल्यावर ते जेमतेम थोडा वेळ थबकतं. तेवढ्यात कण तळाशी जाणं अशक्य आहे.

गढूळ पाण्यात फिटकरी फिरवताना तुम्ही पाहिली असेल. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. फिटकरी तो भार मारते, कण एकमेकांना चिकटतात, पुंजके होतात आणि तळाशी जातात. खाडीत हे काम समुद्राचं मीठ करतं. नदीचं गोडं पाणी खाऱ्या पाण्याला भेटलं की मातीचे पुंजके बनायला लागतात आणि पुंजका एकट्या कणाच्या कितीतरी पट वेगानं बसतो. म्हणून चिखलाचा साठा खाडीत होतो, नदीत वरच्या अंगाला नाही.

दुसरी गोष्ट १९५०च्या दशकात डच संशोधकांनी त्यांच्या उथळ वाडन समुद्राचा अभ्यास करताना दाखवली. बसलेला कण उचलायला पाण्याला जितका वेग लागतो, तितका तो कण तरंगत ठेवायला लागत नाही. भरती कणाला आत आणते. पाणी मंदावलं की तो बसतो. ओहोटी सुरू होते तेव्हा सुरुवातीचं संथ पाणी त्याला उचलू शकत नाही. पाण्याला पुरेसा वेग येईपर्यंत त्या जागेवरचं बरंचसं पाणी निघून गेलेलं असतं. म्हणजे प्रत्येक फेरीत कण थोडा आत सरकतो. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर दिवसाला दोन कमिट, आणि रोलबॅक कायम अर्धवट.

ओहोटीला, म्हणजे कोळ्यांच्या भाषेत सुकतीला, उघड्या पडलेल्या चिखलावर तपकिरी-सोनेरी झाक दिसते. ती डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची. हे जीव एक चिकट द्रव सोडतात आणि त्यानं चिखलाची वरची कातडी जणू खळ लावल्यासारखी होते. पुढची भरती ती सहजासहजी खरवडू शकत नाही. चिखलपट्टा हा निर्जीव गाळ नाही. त्याला धरून ठेवणारं काहीतरी त्याच्यावर राहत असतं.

चिखल पुरेसा उंच झाला की तिवर येतं. तिवराचं बी झाडावर असतानाच अंकुरायला लागतं, पाण्यात पडतं, तरंगत जातं. रुजायला त्याला अशी जागा लागते जिथे काही दिवस पाणी चढणार नाही, निदान त्याला उखडण्याइतकं तरी नाही. उधाणाच्या भरतीनं बी वर नेऊन ठेवलं आणि मागोमाग भांगाची, कमी उंचीची भरती आली, तर त्या मधल्या दिवसांत ते मूळ धरतं. एकदा झाड उभं राहिलं की त्याच्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी श्वसनमुळं वर येतात, पाणी त्यांच्यात अडखळतं, आणखी गाळ टाकतं. जमीन आणखी वर येते.

मग ही जमीन अमर्याद वर का जात नाही? कारण ती जितकी वर जाते तितकं तिच्यावर पाणी कमी वेळा येतं. खालच्या पट्ट्यावर रोज दोनदा पाणी, वरच्या पट्ट्यावर फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला. पाणी कमी म्हणजे गाळ कमी. वाढ आपोआप मंदावते. उलट समुद्र थोडा चढला तर पाणी जास्त वेळा येईल, गाळ जास्त बसेल आणि जमीन पुन्हा पातळी गाठेल. मी कामाच्या निमित्तानं बऱ्याच स्वयंनियंत्रित यंत्रणा बघितल्या आहेत. इतकी साधी आणि इतकी टिकाऊ क्वचितच. तिला दोनच गोष्टी लागतात: गाळ यायला हवा, आणि मागे सरकायला जागा हवी.

तिवरांच्याही वर, जमिनीच्या कडेला, उधाणालाच भिजणारा एक पट्टा असतो. उन्हाळ्यात तिथे मिठाचा पापुद्रा दिसतो. तिथे मोरस वाढते, बुटकी आणि मांसल पानांची. तिची भाजी करताना मीठ बेतानंच घालावं लागतं. युरोपच्या थंडीत तिवरासारखी झाडं टिकत नाहीत, म्हणून तिथे चिखलापासून वरपर्यंत सगळी जागा खारं गवत आणि मोरशीच्या भाऊबंदांना मिळते. आपल्याकडे त्यांच्या वाट्याला हा वरचा काठच येतो. आणि माणसाची नजर सगळ्यात आधी गेली ती याच काठावर.

गोव्यात कोकणातल्या मौर्यांच्या काळचा, सहाव्या शतकाच्या सुमाराचा एक ताम्रपट आहे, त्यात ‘खज्जन’ हा शब्द येतो. आजचं खाजण ते हेच. या शब्दाची गंमत अशी की गोव्यात खाजण म्हणजे बांध घालून मिळवलेली शेतं, आणि मुंबई-ठाण्याकडे खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याची दलदल. एकच शब्द काम होण्याआधीच्या आणि काम झाल्यानंतरच्या जमिनीला. भाषेला बहुधा माहीत होतं की या दोन अवस्थांमध्ये फक्त एक बांध आहे.

रायगडात त्या शेताला खार म्हणतात. पेण-अलिबागच्या ज्या पट्ट्यात अशा खारी आहेत तो खारेपाट. खार करण्याची पद्धत अशी: चिखल पुरेसा वर आलेला पट्टा हेरायचा, त्याच चिखलाचा बांध घालायचा, लाटांच्या अंगाला दगड लावायचे. बांधात जागोजागी उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे एक झडप. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबानं ती मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं उघडते. वीज नाही, माणूस नाही. मग काही पावसाळे थांबायचं. पाऊस जमिनीतलं मीठ धुतो आणि उघाडीतून बाहेर काढतो. त्यानंतर भात. तेही पावसाळ्यातच, कारण उन्हाळ्यात मीठ खालून पुन्हा वर चढतं. या जमिनीत टिकणारी भातं वेगळी: काळा राता, भुरा राता, तांबूस दाण्याची. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं पनवेल-१, २, ३ अशी वाणं काढली. शेताच्या कोपऱ्यातल्या तळ्यात जिताडा. पाहुणा आला की तळ्यातून थेट ताटात.

याच वरच्या पट्ट्याचं दुसरं रूप मिठागर. तिथे पाणी बाहेर ठेवायचं नसतं, मोजून आत घ्यायचं असतं. मिठाचं आगर आणि भाताची खार पिकवणारे हात एकाच समाजाचे, आगऱ्यांचे. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात वडाळ्याच्या मिठागरांवर लोक चालून गेले होते. आज त्या भागातून मोनोरेलचा मार्ग जातो.

खारेपाटातली खरी लढाई मात्र बांधाच्या आतल्या बाजूला झाली. खार हा निसर्गानं दिलेला तुकडा नाही. तो दरवर्षी राखावा लागतो. बांध राखण्याचे कष्ट कुळांचे आणि पिकातला मोठा वाटा खोत-सावकारांचा, असा तो हिशोब होता. १९३३च्या ऑक्टोबरात अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी शेती न कसण्याचा निर्णय घेतला. पंचवीस गावांनी नांगर ठेवले ते १९३९पर्यंत. पिकवणाऱ्या लोकांनी सहा वर्षं पिकवलं नाही. लाकूडफाटा आणि खाडीतली मासळी-चिंबोऱ्या यांवर दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला साथ दिली, १९३७मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडलं. त्याच साली ‘कृषीवल’ सुरू झालं. १९३९च्या कूळ कायद्यामागे चरीचा संप आहे. शेतकऱ्यांचा एवढा लांब संप शाळेच्या पुस्तकात मला भेटला नाही, आजीच्या बोलण्यात भेटला.

स्वातंत्र्यानंतर १९४८मध्ये खार जमिनींसाठी वेगळा कायदा आला, १९७९मध्ये महाराष्ट्राचा नवा. योजनेत घेतलेल्या खारींच्या मुख्य बांधाची जबाबदारी सरकारी यंत्रणेकडे गेली. कागदावर हे न्याय्यच होतं. पण पूर्वी उधाण यायच्या आधी घरटी एक माणूस बांधावर जायचा, तो हळूहळू जाईनासा झाला. बांध आता कुणाचा तरी होता, आपला नव्हता.

इथे चिखलाच्या गणिताकडे परत जावं लागेल, कारण बांधाला एक छुपी किंमत असते. बांध घातला त्या दिवशी आतल्या जमिनीला येणारा गाळ बंद होतो. बाहेरचा चिखल मात्र समुद्राबरोबर वर येत राहतो. शिवाय आतली माती वाळते, आकसते, तिच्यातला कुजका पाला-मुळ्या हवेशी संयोग पावून नाहीशा होतात. जमीन बसते. काही दशकांनी बांधावर उभं राहिलं तर एका बाजूला उंच चिखल आणि दुसऱ्या बाजूला खोलगट शेत दिसतं. नेदरलँड्सचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे, त्यातल्या मोठ्या भागाची कथा हीच आहे. समुद्र हटवून मिळवलेली जमीन हळूहळू समुद्राच्याही खाली जाते. म्हणजे बांध जितकी वर्षं टिकेल तितका तो फुटणं जास्त महाग पडतं.

मुंबईनं हा धडा फार आधी घेतला आणि लगेच विसरली. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरायचं आणि बेटांमधला सगळा सखल भाग दलदल व्हायचा. १७८०च्या दशकात गव्हर्नर हॉर्नबीच्या नावाचा बांध तिथे उभा राहिला. भिंत पुन्हा पुन्हा कोसळत होती, मग समुद्रातून देवीच्या मूर्ती काढून मंदिर बांधल्यावर ती टिकली, ही महालक्ष्मीची दंतकथा तुम्ही ऐकली असेल. त्या बांधाआड मिळालेल्या जमिनीवर गिरण्या आल्या, चाळी आल्या, आता काचेचे टॉवर आहेत. पण ती जमीन मुळात खारच. दरवर्षी साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की पाणी तुंबतं आणि आपण नालेसफाईवर चिडतो. नालेसफाईचा दोष असेलही, पण भरती चढलेली असताना त्या नाल्यांची तोंडं पाण्याखाली असतात. हाजी अलीला आज पावसाचं पाणी समुद्रात फेकणारं पंपिंग स्टेशन आहे. अठराव्या शतकातल्या त्या खिंडाराजवळच. खारेपाटातल्या उघाडीचंच काम, फक्त मोटर लावून.

दुसरा परिणाम खाडीवर होतो, तो लवकर दिसत नाही. खाडीचं पात्र खोल ठेवतं कोण? भरतीला आत येऊन ओहोटीला बाहेर जाणारं पाणी. काठावरच्या चिखलावर पसरणारं पाणी बांध घालून, भराव टाकून कमी केलं, की खाडीतून ये-जा करणारं एकूण पाणी कमी होतं, प्रवाह मंदावतो आणि पात्र स्वतःच गाळानं भरू लागतं. गाळ माणसाशिवायही भरतो. सोपारा एकेकाळी बंदर होतं, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तिथे १८८२मध्ये सापडला, आणि आज आपल्याला नालासोपारा म्हणजे विरार लोकलमधली गर्दी. पण आपण त्याला घाईला लावतो.

ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. तिच्या पूर्व काठावर १९७०पासून सिडकोनं नवी मुंबई उभी केली. ९५ गावांची जमीन त्यासाठी घेतली गेली: भातखारी, मिठागरं, गावठाणाभोवतालची रानं. जानेवारी १९८४मध्ये जासई आणि परिसरात दि. बा. पाटलांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. मी ऐरोलीत ज्या इमारतीत बसून कोड लिहितो तिच्या खिडकीतून खाडी दिसते.

या शहराच्या आखणीत एक हुशारी होती. सगळा सखल भाग उंच भराव टाकून भरण्याऐवजी डच पद्धतीचे धारण तलाव ठेवले. भरतीला झडपा बंद, शहरात पडलेला पाऊस तलावात. ओहोटीला झडपा उघड्या, पाणी खाडीत. बरोबर, पुन्हा उघाडी. पण तलावात पाण्याबरोबर गाळही येतो. तलाव उथळ झाले, त्यात तिवर उगवलं. तिवर तोडायचं तर न्यायालयाची परवानगी लागते. गाळ काढला नाही तर तलावाची साठवण घटते आणि जोराच्या पावसात सेक्टरमध्ये पाणी. चिखलानं आपलं नेहमीचं काम केलं, बस्स.

खाडीच्या दोन्ही काठांवर गेल्या काही दशकांत तिवरांची रांग चिखलपट्ट्यांवर पुढे सरकली आहे. हे चांगलं की वाईट? २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभर कांदळवन तोडीला बंदी घातली, २०१८च्या निकालानं ती पक्की झाली. त्याआधी सर्रास चाललेली तोड आणि राडारोड्याचे भराव पाहता ती बंदी अत्यंत गरजेची होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मिठी नदीच्या काठच्या दलदलीवर आपण काय काय उभं केलं आणि २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यावर काय झालं, हे माझ्या वयाच्या मुंबईकरांना सांगायला नको. पण फ्लेमिंगो तिवरात चरत नाहीत. त्यांना उघडा चिखल लागतो, त्यावरचं ते शेवाळ लागतं. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा २०१५चा, रामसर यादीतलं स्थान २०२२चं. तिवर पुढे सरकलं की चिखल आक्रसतो. तिवराला मागे सरकायला जागा असती तर हा पेच पडला नसता, पण मागे रस्ता आहे, भिंत आहे, इमारत आहे. एकाच दलदलीची दोन वयं आपण वेगवेगळ्या फाइलींत संरक्षित केली आहेत, आणि दोघांना मिळून जागा तेवढीच.

ही विसंगती मला घरातून माहीत आहे. आमचं शेत पेण तालुक्यातल्या एका खारीत आहे. मी आठवीत होतो तेव्हा श्रावणातल्या उधाणाला बांधाला खांड पडली. बांध पोखरण्यात चिंबोऱ्यांच्या बिळांचा हात असतो. २०१९मध्ये तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांना दोषी धरलं गेलं तेव्हा सगळा महाराष्ट्र संतापानं हसला, आणि ते बरोबरच होतं. मात्र चिखलाच्या खारबांधाला बिळातूनच पाझर फुटतो, हे खारेपाटातलं पोरही सांगेल. त्यात रेतीउपशानं खाडीचा तळ खोल जातो, मोठ्या बार्जांच्या लाटा बांधाच्या पायथ्याशी आपटतात. बीळ मुठीएवढं असतानाच बुजवायचं असतं. अर्ज झाले, पाहणी झाली. खांड रुंदावत गेली. दोन वर्षांत शेतात भाताची धसकटंही उरली नाहीत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिवराची रोपं.

वर सांगितलेलं गणित आठवा. आमचं शेत बाहेरच्या चिखलापेक्षा खोल होतं. खांडीतून पाणी आलं तसा गाळही आला, भरभर. तलाव उथळ व्हावा तसं शेत वर येऊ लागलं. निसर्गाच्या हिशोबात ती दुरुस्ती होती. दीडदोनशे वर्षं अडवून धरलेली माती त्यानं एकदम पोचती केली. आता तिथे दाट तिवर आहे, आणि तिवर असल्यामुळे तो भाग संरक्षित आहे. बांध पुन्हा घालायचा तर कांदळवन मारावं लागेल, त्याला परवानगी नाही. सातबाऱ्यावर मालक म्हणून आजोबांनंतर काका आणि बाबांची नावं आहेत. म्हणजे जमीन आमची, झाडं कायद्याची आणि पाणी खाडीचं. खारेपाटात आमच्यासारखी बरीच कुटुंबं आहेत.

इंग्लंडमध्ये एसेक्सच्या किनाऱ्यावर टोल्सबरी इथे १९९५मध्ये समुद्रबांध मुद्दाम फोडला. आतलं शेत समुद्राला परत द्यायचं, तिथे खारी दलदल वाढू द्यायची, तिनं लाटांचा जोर खाल्ला की मागचा नवा बांध स्वस्तात टिकतो, असा विचार होता. त्यानंतर युरोपात असे बरेच प्रयोग झाले. आमच्या खारीत जे झालं ते भौतिकदृष्ट्या अगदी तेच आहे. फरक एवढाच की तिकडे आधी ठरवलं, मोजमाप केलं, मागे दुसरा बांध घातला आणि मग फोडलं. इकडे कुणी काहीच ठरवलं नाही. काकांना कांदळवनाचा राग नाही. ते म्हणतात, सरकारला तिवर हवंच असेल तर घ्यावं, पण घेतलं म्हणून सांगावं आणि मोल द्यावं. हे न सांगता घेणं झालं. मला त्यांचं म्हणणं पटतं. तिवर मुंबईला वादळापासून वाचवतं, माशांची पिलं वाढवतं, हे सगळं खरं आहे. तो फायदा सगळ्यांचा असेल तर त्याचा खर्च खारेपाटातल्या तीन एकरवाल्यानं एकट्यानं का सोसायचा?

आता ई-पीक पाहणी मोबाइलवर होते. गट नंबरात जाऊन उभं राहायचं, पीक निवडायचं, फोटो काढायचा. काका दर खरिपात हे करतात, नोंद चुकवली तर पुढे कुठल्या यादीतून नाव जाईल कोण जाणे. शेतात आत शिरता येत नाही, गुडघाभर रुततं, म्हणून ते खांडीच्या तोंडाशी बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर सुकती लागेपर्यंत थांबतात. गेल्या खरिपात मी बरोबर होतो. पाणी उतरलं तशी तिवराची मुळं उघडी पडली, दोन निवट्या चिखलावर उड्या मारत गेल्या. काकांनी फोन उभा धरला, लोकेशन लागायची वाट पाहिली, आणि पिकाच्या जागी ‘पड’ निवडलं.